बोल्टच्या पोटातला कार्बन

लुधियानाच्या लहान कारखान्यात बोल्ट घडतो, तेव्हा तेथे कार्बन फारसा जळत नाही. तो त्याआधीच, दूरच्या पोलाद प्रकल्पात जळालेला असतो. लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेण्यासाठी झोतभट्टीत कोक आणि स्पंज आयर्नच्या भट्टीत कोळसा खर्ची पडतो. युरोपीय संघाच्या सीमेवर मात्र या साऱ्याचा हिशेब बोल्टकडे मागितला जातो.

‘सीबॅम’ या कार्बन सीमा यंत्रणेत १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून तिला पैशाचे बंधन जोडले गेले. शुल्क युरोपातील आयातदार भरणार असला, तरी त्याचा भार भारतीय मालाच्या दरावर येणार, हे उघड आहे. प्रत्यक्ष उत्सर्जनाची खातरीची नोंद नसेल, तर ठरावीक चढे आकडे गृहीत धरले जातात. म्हणजे स्वच्छ माल बनवणाराही कागदाअभावी दोषी ठरतो.

ही व्यवस्था अन्याय्य असल्याचा भारताचा आक्षेप रास्त आहे. वातावरणात आज साठलेल्या कार्बनचा मोठा वाटा आधी श्रीमंत झालेल्या देशांचा आहे, आणि १९९२ च्या हवामान करारानेच समान परंतु भिन्न जबाबदारीचे तत्त्व मान्य केले आहे. पण आक्षेप रास्त आहे म्हणून मोजमाप टाळणे शहाणपणाचे नाही. भारतात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जागतिक सरासरी दोन टनांच्या आसपास आहे.

मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत सीबॅममधून वजा होते. २०२३ मध्ये अधिसूचित झालेली भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना नीट राबवली गेली, तर जो पैसा ब्रुसेल्सला जाणार तो येथील भट्ट्या सुधारण्यासाठी वापरता येईल.

मोठ्या कंपन्या तज्ज्ञ नेमतील. प्रश्न लहानांचा आहे. पोलादासोबत रासायनिक घटकांचा चाचणी दाखला येतोच. त्याच दाखल्यावर उत्सर्जनाचा आकडा छापणे पुरवठादारांना बंधनकारक करावे. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवून तारांकन सुरू केले. त्याची जबाबदारी असलेली संस्था लुधियानाजवळच, मंडी गोबिंदगडला आहे. तारे प्रकल्पाला मिळतात. आकडा बोल्टपर्यंत पोहोचला पाहिजे. तो पोहोचला नाही, तर दुसऱ्याच्या भट्टीतल्या धुराची किंमत लहान कारखानदार मोजत राहील.