वर्गातले घरी कळू द्या

अमरावती असो की अकोला, जिल्हा परिषदेची शाळा असो की शहरातील नामवंत खासगी संस्था, पालकसभेचे इतिवृत्त बहुधा एकाच साच्याचे असते. मागील सभेचे वृत्त वाचून कायम करण्यात आले. गणवेश, शालेय पोषण आहार आणि पाण्याची टाकी या विषयांवर चर्चा झाली. मुख्याध्यापकांनी पालकांना पाल्यांकडे लक्ष देण्याचे आवाहन केले. आभारप्रदर्शनाने सभेची सांगता झाली. खाली स्वाक्षऱ्या, काही अंगठे. तिसरीतल्या अमुक मुलाला जोडाक्षरे वाचता येतात का, तमुक मुलगी वर्गात तोंड का उघडत नाही, याचा मात्र त्यात उल्लेख नसतो. ज्या कारणासाठी आईबापांनी शाळेची पायरी चढायची, नेमके ते कारण सोडून बाकी सगळ्याची नोंद होते.

पालकांना वर्गातली माहिती देणे हा शिक्षकाच्या सौजन्याचा भाग आहे, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम संसदेने २००९ मध्ये संमत केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये क्रमाने दिली आहेत. नियमित व वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे यांच्याच पंक्तीला आणखी एक कर्तव्य बसवलेले आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, शिकण्यातील प्रगती आणि त्याच्यासंबंधीची अन्य आवश्यक माहिती द्यावी, असे ते कर्तव्य. कर्तव्यात कसूर करणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो, असेही तेच कलम सांगते. याच अधिनियमाच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे ठरवले. समितीची चर्चा गावोगाव झाली. तिच्या अध्यक्षपदासाठी ग्रामपंचायतीसारखी चुरसही काही गावांनी पाहिली. कलम २४ मधल्या त्या एका कर्तव्यासाठी मात्र कोणी आग्रह धरल्याचे ऐकिवात नाही.

मुलांविषयी काही लिहिलेच जात नाही, असेही नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. गुणांच्या जागी श्रेणी आल्या आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाचे निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी ठेवाव्यात, अशी अपेक्षा ठरली. कल्पना उत्तम होती. मूल म्हणजे केवळ टक्केवारी नव्हे, हे सरकारी कागदावर मान्य झाले, ही लहान गोष्ट नव्हती. परंतु नोंदवही लिहिली जाऊ लागली ती तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या. आता त्या भ्रमणध्वनीवर फिरतात. ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’, ‘स्वतःच्या शब्दांत उत्तर देतो’, अशी वाक्ये आळीपाळीने एका मुलाकडून दुसऱ्याकडे सरकत राहतात. वर्षअखेरीस आईच्या हाती पडणाऱ्या प्रगतिपुस्तकात ‘ब-१’ असे लिहिलेले असते. हे चांगले की वाईट, हे तिला कोणी सांगत नाही आणि विचारण्याचा तिला संकोच वाटतो.

या मौनाची किंमत मुलाला मोजावी लागते. ‘असर’ या नावाने २००५ पासून ग्रामीण भागात जी पाहणी होत आली आहे, तिची एक पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. कार्यकर्ते शाळेत न थांबता मुलाच्या घरी जातात आणि त्याच्यापुढे अक्षरे, शब्द, एक सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट ठेवतात. मूल वाचते किंवा अडखळते ते आईबापांच्या देखत. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा मजकूर जमत नाही, हे बऱ्याच घरांत त्या क्षणी प्रथम कळते. पाच वर्षे शाळेत गेलेल्या मुलाविषयी घराला हे एखाद्या परक्या स्वयंसेवकाकडून कळावे, यात शाळेचा आणि घराचा दोघांचाही कमीपणा आहे. आता तर प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. केंद्राने २०१९ मध्ये अधिनियमात दुरुस्ती केली आणि राज्याने २०२३ मध्ये नियम करून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण झालेल्याला पुनर्परीक्षेची संधी आहे. तीही हुकली तर पाचवीचे मूल पाचवीतच राहते. चार वर्षे ‘उत्साहाने सहभागी होतो’ असे वाचलेल्या बापाला पाचव्या वर्षी असा निकाल ऐकावा लागला, तर त्याने कोणाला जाब विचारावा?

‘पालक उदासीन आहेत’ हे वाक्य शिक्षकांच्या बैठकीत हमखास ऐकू येते. वऱ्हाडातील शेतीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष शेजारी शेजारी मांडून पाहिले, म्हणजे त्या वाक्यातला अन्याय उघड होतो. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा पेरणीची घाई असते. पुढे डवरणी आणि निंदण. पोळ्यापर्यंत उसंत नाही. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी निघते आणि तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते, ती संक्रांत उलटेपर्यंत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सकाळी अकराच्या पालकसभेला आलेल्या बाईच्या मनात, समोर भाषण चालू असताना, आज किती किलो बुडाले याचा हिशेब चाललेला असतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे खारे पाणी पिकाला चालत नाही आणि सारी भिस्त पावसाळ्यावर असते, तिथे बुडालेला रोज पुढे भरून काढण्याची सोयही फारशी नसते. हाताला थोडी मोकळीक मिळते ती मार्च-एप्रिलमध्ये, आणि तोवर शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

अशा स्थितीतही जी माउली मजुरी बुडवून येते, तिच्या पदरात काय पडते? ‘तुमचा मुलगा अभ्यास करत नाही, घरी लक्ष द्या’ हे चारचौघांसमोर ऐकलेले वाक्य. तिला विचारायचे असते ते एवढेच, ‘माहं पोट्टं वाचते का जी आता?’ त्याचे उत्तर मिळत नाही. पुढच्या सभेला ती आली नाही, तर तिला उदासीन म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय?

मेळघाटात हे अंतर आणखी वाढते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत पहिलीत येणाऱ्या अनेक मुलांची घरची भाषा कोरकू असते. ती मराठीची बोली नव्हे, मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा आहे. गुरुजी बहुधा मैदानी मुलखातले. मुलगा वर्गात गप्प बसतो याचा अर्थ त्याला येत नाही असा, की त्याला प्रश्नच कळला नाही असा, हे आईबापांशी बोलल्याखेरीज ठरवता येत नाही. आणि आईबापांशी बोलायला पुन्हा भाषाच आडवी येते. शिवाय पिके निघाली की अनेक कुटुंबे कामासाठी खाली उतरतात आणि होळीला परततात. मुलांची गळती थांबावी म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आली, हे योग्यच झाले. पण जो शिक्षक कोरकूची शे-दोनशे वाक्ये शिकून घेतो आणि होळीच्या दिवसांत पाड्यावर जाऊन बसतो, त्याला मुलांविषयी जे कळते ते कोणत्याही प्रपत्रात मावत नाही. असे शिक्षक आहेत. त्यांच्या कामाची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही, एवढेच.

शहरी वाचकाने हे वाचून ‘आमच्याकडे तसे नाही’ असे समाधान मानू नये. अमरावती-अकोल्यातील मध्यमवर्गीय घरात माहितीचा तुटवडा नाही, महापूर आहे. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर दिवसाकाठी सूचनांची रांग लागते. उद्या पिवळा पोशाख, शुल्काची अंतिम तारीख, प्रकल्पासाठी थर्माकोल, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे. या गर्दीत आपल्या मुलाविषयीचे एकही वाक्य नसते. त्यात रोजनिशी इंग्रजीत. मराठी माध्यमात शिकलेली, उत्तम वाचन असलेली, गणित चोख असलेली आई त्या रोजनिशीपुढे एकाएकी अडाणी ठरते आणि मुलाचा अभ्यास शिकवणीवर्गाच्या हवाली करते. घर आणि वर्ग यांमध्ये तिसराच मनुष्य उभा राहतो. आपण पालकही काही कमी नाही. मूल घरी आल्यावर ‘किती गुण मिळाले, कितवा आलास’ यापलीकडे किती घरांत प्रश्न जातो? ‘आज कोणाशेजारी बसलास, बाईंनी कोणती गोष्ट सांगितली, तुला कुठे अडले’ हे विचारायला पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही.

शाळा घराजवळ नेण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक १९२० च्या दशकात भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात उतरल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि पुढे ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून निघू लागली. बालशिक्षण घराला समजावे, यासाठी त्यांनी लेखणी झिजवली. १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी शाळाच वस्तीच्या अंगणात मांडली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी योजनेमुळे सर्वतोमुखी आहे. त्यातले अंगण मात्र आपण विसरलो. अंगणात भरणाऱ्या शाळेत आईला वेगळा अहवाल द्यावा लागत नाही. भाकरी थापता थापता तिला सारे दिसते.

करोनाच्या काळात हे काही अंशी आपोआप घडले. राज्यात अन्यत्र व्यवहार सुरळीत होऊ पाहत असताना फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली. पहिली ते चौथीचे वर्ग तर तोवर उघडलेच नव्हते. त्या दोन वर्षांत मुलांचे अपार नुकसान झाले, हे निर्विवाद. पण जे शिक्षक पारावर, ओसरीत, देवळाच्या सभामंडपात चार-पाच मुलांना घेऊन बसले, त्यांचे शिकवणे गावाने प्रथमच डोळ्यांनी पाहिले. गुरुजी किती कष्ट घेतात हे गावाला उमगले, आणि कोणत्या मुलाच्या घरी कंदिलाखेरीज उजेड नाही हे गुरुजींना. शाळा उघडल्या आणि दारे पुन्हा दोन्ही बाजूंनी लोटली गेली. नाही म्हणायला २०२२ पासून शाळापूर्व तयारी अभियानात माता-पालकांचे गट उभे राहिले आणि पहिलीत येऊ घातलेल्या मुलांकडून आयांनी घरी छोट्या छोट्या कृती करून घेतल्या. मोजक्या साक्षर आयांनाही हे जमते, हे त्यातून दिसले. मग पहिलीत पाऊल पडताच त्यांना फाटकाबाहेर का उभे करायचे?

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. दोन शिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग, त्यावर निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, आहाराच्या नोंदी, संगणकावर रोज भरायची माहिती. अशा माणसाला घरोघर फिरा म्हणणे सोपे आहे. म्हणून नोंदवहीतली ठरावीक वाक्ये रद्द करावीत आणि त्या वेळात दर महिन्याला पाच-सहा मुलांविषयी त्यांच्या आईबापांशी दहा मिनिटे बोलावे, अशी अदलाबदल शिक्षण विभागाने का करू नये? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ज्या समग्र प्रगतिपुस्तकाचा पुरस्कार केला, ते घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा ठरावे आणि त्याच्या जोडीला पालकसभा व्हाव्यात, असे धोरणातच म्हटले आहे. ते पुस्तक पुन्हा श्रेण्यांचा तक्ता झाले, तर एका कागदाची भर पडेल इतकेच.

कार्यकर्त्यांना ‘संपर्क’ हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. निरोप पाठवून माणूस जोडला जात नाही, त्याच्या घरी जावे लागते, हे ते अनुभवाने जाणतात. गावातल्या शाळेला निधी मिळवून देणारे, रंगरंगोटी करून देणारे अनेक आहेत. सभा संध्याकाळी, वेचणीहून बाया परतल्यावर व्हावी, यासाठी मुख्याध्यापकांशी बोलणारा आणि त्या संध्याकाळी चार घरी जाऊन बोलावणे करणारा कोणी असेल, तर त्याचे काम अधिक मोलाचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कितीतरी शाळा मातांना बोलावतात. वाण देऊन त्यांना निरोप देण्याऐवजी प्रत्येक मुलाने आपल्या आईसमोर एक पान वाचावे. फक्त त्या दिवसाला हळदीकुंकू म्हणू नये. विधवा मातेचा पाय त्या शब्दाने उंबऱ्यातच अडखळतो आणि अन्य धर्मीय मातेचाही. नुसती मातांची वाचनसंध्या म्हणावे. ज्याचे वाचन अडखळेल, त्याच्या आईशी गुरुजींनी बाजूला बसून बोलावे आणि होळीपर्यंत आपण काय करू, घरी तिने काय करावे, हे तिच्याच बोलीत सांगावे. वाचता न येणारी आईसुद्धा मूल अडखळते कुठे, हे कानाने ओळखते.