डिकीतली टाकी

2022 साली ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोत 10 मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं आणि माझ्या भाच्याला नेमबाजीचं वेड लागलं. सुट्टीत आम्ही वास्कोहून डिचोलीच्या घरी जातो, तेव्हा रायफलबरोबर ती भरायची हवेची टाकीही येते.

गेल्या खेपेला त्याने ती डिकीत तशीच आडवी टाकली होती. झुआरी पूल ओलांडल्यावर एका वळणावर मागून धाडकन आवाज आला. गाडी थांबवून पाहिलं, तर टाकी घरंगळून व्हॉल्व्हच्या बाजूने जॅकवर आपटली होती.

"मामा, हवाच तर आहे!"

हवाच, पण गाडीच्या चाकात जेमतेम सव्वादोन बार दाब असतो, या टाकीत 300. व्हॉल्व्ह तुटला असता तर टाकी रॉकेटसारखी सुटली असती, आणि मागच्या सीटवर त्याची आजी बसली होती. त्या सुट्टीत सराव झाला नाही. टाकी आधी तपासून घेतली.

तेव्हापासून आमच्या घरचे नियम ठरले. टाकी जाड पिशवीत, व्हॉल्व्हवर टोपण लावून, पट्ट्याने घट्ट बांधायची. उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही: 27 अंशांना 300 बार असलेला दाब 57 अंशांना सुमारे 330 होतो. टाकीवर कोरलेली तपासणीची तारीख पाहायची. मुदत संपली असेल तर भरायची नाही. आत फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीच नाही. जोडणीला तेल-ग्रीस लावायचं नाही.

रायफलचा सिलिंडर बहुधा 200 बारचा असतो, म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा आणि नजर काट्यावर ठेवायची. भरून झालं की व्हॉल्व्ह बंद, नळीतली हवा सोडायची, मगच नळी काढायची. या वेळी रायफलमध्ये छर्रा नको आणि समोर कोणी उभं नको. नेम फक्त कागदावर, मागे मातीचा बांध. पक्ष्यांवर नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहेच.

स्पर्धेला दाबोळीहून विमानाने जाणार असाल, तर भरलेली टाकी नेता येत नाही. रिकामी न्यायची तरी विमान कंपनीला आधी विचारा.

आता भाचा पट्टा स्वतः आवळतो आणि आजीला हाक मारतो, "आजी, बांधली हं, बस आता!"