सही झाली, गस्त झाली का?

१९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना कुणीतरी सर्व्हरवर भलत्याच ठिकाणी फाइल पुसण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावरची पात्रे एकेक करून गायब होऊ लागली. जवळपास ९० टक्के काम गेले. पुढचा भाग संगणकवाले एकमेकांना लोककथेसारखा सांगतात. बॅकअपही अपुरा निघाला. शेवटी तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर असलेली प्रत कामी आली. या कथेतला एक तुकडा मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या वेळी पिक्सारमध्ये असलेले ओरेन जेकब यांनी तो पुढे सांगितला. बॅकअपची फाइल ४ जीबीच्या मर्यादेला जाऊन थडकली होती. जागा संपल्याची तक्रार ज्या एरर लॉगमध्ये लिहिली जायची, तो लॉग त्याच भरलेल्या डिस्कवर होता. लॉगची फाइल होती. आत शून्य बाइट.

तिथल्या बॅकअपचा बिघाड खरे तर किरकोळ होता. फाइल मोठी झाली, एवढेच. घात केला तो लॉग कुठे लिहायचा या एका सेटिंगने. आणि हे सेटिंग आजही बहुतेक कंपन्यांत, बँकांत, इस्पितळांत तसेच राहते जसे इन्स्टॉल करणाऱ्याने पहिल्या दिवशी ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत सोडले होते.

बॅकअपचा लॉग म्हणजे रात्रपाळीच्या वॉचमनचे रजिस्टर. कोणत्या दरवाजापाशी किती वाजता गेलो, कोणते कुलूप उघडे दिसले, हे त्यात लिहायचे असते. सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे की रजिस्टरमधल्या बारा, दोन आणि चारच्या सह्या कधीकधी सकाळी सहाला, एकाच पेनाने, एका बैठकीत होतात. बॅकअप सॉफ्टवेअरची हिरवी खूण बरीचशी तशीच असते. सही दिसते. गस्त झाली का, ते आत वाचल्याशिवाय कळत नाही.

नेटबॅकअप या मोठ्या कंपन्यांत जुन्या काळापासून वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम संपल्यावर एक आकडा येतो. शून्य म्हणजे सगळे नीट. एक म्हणजे काम ‘अंशतः यशस्वी’. हा एक फार लबाड आकडा आहे. कुणाची फाइल उघडी राहिली म्हणून सुटली असेल, कुठे वाचायची परवानगी नसेल. नेमके काय सुटले ते लॉगमध्येच सापडते. बहुतेक ठिकाणी ‘एक आलाय, चालतंय’ म्हणून दिवस पुढे जातो. याच सॉफ्टवेअरची आणखी एक गंमत आहे. त्याच्या जुन्या पद्धतीच्या लॉगसाठी प्रत्येक प्रक्रियेच्या नावाचा फोल्डर आधी बनवून ठेवावा लागतो. फोल्डर नसेल तर त्या प्रक्रियेचा लॉग निघतच नाही, आणि तो निघत नाही याची बोंबही होत नाही. अडचण आल्यावर सपोर्टवाले लॉग मागतात, तेव्हा लक्षात येते की पागोळ्यांखाली घागर ठेवलीच नव्हती.

मग उलटे टोक गाठले जाते. लॉगचा तपशील शून्यापासून पाचपर्यंत वाढवता येतो. सपोर्टवाला सांगतो, पाचवर न्या आणि बिघाड पुन्हा घडवून दाखवा. बिघाड सापडतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि पाच तसाच राहतो. काही दिवसांत लॉग फुगून डिस्क भरते आणि त्यापायी बॅकअपच बंद पडतो. म्हणून एरवी तपशील कमीच ठेवावा, आणि वाढवला तर तो कोणत्या तारखेला खाली आणायचा हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

लॉगची साफसफाई हे सर्वांत बिनमहत्त्वाचे काम समजले जाते. क्योतो विद्यापीठाचा डिसेंबर २०२१ मधला अनुभव त्यासाठी वाचावा. विद्यापीठाच्या महासंगणकाच्या साठ्याचा बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दहा दिवसांपेक्षा जुने लॉग पुसायची सोय होती. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझच्या जपानी कंपनीने या स्क्रिप्टमध्ये सुधारणा केली. व्हेरिएबलची नावे जरा वाचायला सोपी केली. हेतू चांगलाच. पण नवी स्क्रिप्ट जुनी चालू असतानाच तिच्या जागी ठेवली गेली. स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा दुभाषा ती सगळी आधी पाठ करत नाही, पुढेपुढे वाचत जातो. पुराणिकबुवा वाचत असताना समोरची पोथी मधल्याच पानापासून बदलावी, तसे झाले. लॉगचा फोल्डर कोणता, हे सांगणारी जागा रिकामी निघाली आणि पुसण्याची आज्ञा लॉगऐवजी संशोधकांच्या फाइलींवर चालली. १४ ते १६ डिसेंबरच्या दरम्यान सुमारे ७७ टेराबाइट माहिती, ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांतल्या चौघांची माहिती परत मिळण्यासारखी नव्हती. कंपनीने चूक आपली असल्याचे जाहीरपणे मान्य केले. जपान, महासंगणक, नावाजलेली कंपनी. आणि निमित्त काय, तर जुने लॉग झाडणे.

लॉग लिहिला गेला, जागेवर राहिला, तरी तो कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो? ३१ जानेवारी २०१७च्या रात्री प्रोग्रामरांचे कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला. ३०० जीबीपैकी साडेचार उरले. रोजच्या बॅकअपची जागा पाहिली, तर ती रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारे साधन ९.२चे, त्यामुळे बॅकअप रोज अपयशी ठरत होता. रोज तशी मेलही निघत होती. पण त्या मेलवर पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी डिजिटल सही नव्हती, म्हणून मेल स्वीकारणारा सर्व्हर ती दारातूनच परत लावत होता. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी कुणीतरी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून बाकीचे वाचले. तरी सुमारे ५,००० प्रकल्प आणि ७०० नव्या खात्यांची नोंद गेली. कंपनीने सगळा घोळ तपशिलात लिहून प्रसिद्ध केला आणि दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, याबद्दल तिचे कौतुकच करायला हवे. आपल्याकडे इतका कबुलीजबाब क्वचितच वाचायला मिळतो.

यातून दिसते की ‘बिघडले तर मेल पाठव’ ही व्यवस्थाच उलटी आहे. ‘सगळे ठीक’ची मेल आली नाही, की घंटा वाजायला हवी.

भारतात नियमांची कमतरता नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सर्व यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे, घड्याळे राष्ट्रीय माहिती केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. घड्याळांचा नियम वरवर हास्यास्पद वाटतो, पण दोन सर्व्हरच्या लॉगमध्ये सात मिनिटांचा फरक असला की आधी काय बिघडले हे ठरवताना भल्याभल्यांची दमछाक होते. कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे सांभाळायची आहेत, आणि ऑगस्ट २०२२पासून त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणे बंधनकारक आहे.

हे दोन नियम शेजारी ठेवले की फट दिसते. बॅकअप आठ वर्षे राहणार, पण त्या रात्री कोणती फाइल वगळली गेली हे सांगणारा लॉग सहा महिन्यांनी गेला तरी चालते. पाचव्या वर्षी कर खात्याची नोटीस आली आणि नेमकी तीच खतावणी सापडली नाही, तर ती कधी नव्हतीच की नंतर गेली, हे कशावरून ठरवायचे? बॅकअप जितका काळ, निदान त्याच्या वगळलेल्या फाइलींची यादी तितका काळ, हा साधा हिशेब आहे. लॉग हा निव्वळ मजकूर असतो, दाबला की मुठीएवढा होतो; जागेचा बहाणा टिकत नाही.

आणि तो ठेवायचा दुसऱ्या यंत्रावर, बॅकअप सांभाळणाऱ्यालाही पुसता येणार नाही असा. खंडणीखोर हल्लेखोर आत शिरले की बॅकअपच्या मागे लागतात, मग पुरावा देणाऱ्या लॉगच्या. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर कुलूपबंद झाले, तेव्हा ‘ई-हॉस्पिटल’ या तिथल्या संगणक प्रणालीतली माहिती परत मिळाली ती हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. जे बॅकअपला लागू, तेच त्याच्या रजिस्टरलाही.

हे सगळे ठरवायचे काम आज सिस्टीम बघणाऱ्या पंचविशीतल्या मुलावर सोडलेले असते. संचालक मंडळाच्या बैठकीत ‘बॅकअप होतो ना?’ ‘होतो सर’ एवढ्यावर विषय संपतो. पुढच्या लेखापरीक्षणात ऑडिटरने हिरव्या खुणांचा तक्ता बाजूला ठेवून एवढेच म्हणावे: गेल्या तीस रात्रींत वगळलेल्या फाइलींची यादी द्या, आणि ती कुणी वाचली त्याचे नाव. मग चहा मागवावा आणि यादी यायला किती वेळ लागतो ते पाहावे.