कॅशबॅक राहिले दूर, दंड मात्र पदरी

नगरपालिकेत कंत्राटावर सफाईचे काम करणारे एक गृहस्थ परवा पासबुक घेऊन माझ्याकडे आले. दारावर आलेल्या एजंटाच्या सांगण्यावरून त्यांनी एका बँकेत बचत खाते काढले आणि पगार तिकडे वळवला. कार्डाने खरेदी केली की पाच टक्के 'कॅशबॅक' मिळते, एवढेच त्यांना सांगितले गेले होते. पासबुकात मात्र कॅशबॅकची नोंद नव्हती, २६० रुपये कापल्याची होती. "वकीलसाहेब, बक्षीस कुठे गेले आणि शिक्षा कशाची?" हा त्यांचा प्रश्न. तो त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून येथे मांडतो.

जाहिरातीतले पाच टक्के मोठ्या अक्षरात होते, अटी बारीक अक्षरात. कॅशबॅक महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये. पेट्रोल, वीजबिल आणि यूपीआयचे व्यवहार त्यातून वगळलेले. शिवाय महिन्याची सरासरी शिल्लक १०,००० रुपये हवी, नाहीतर कॅशबॅक नाही आणि वर दंड.

ही सरासरी रोज रात्रीच्या शिलकेवरून निघते. त्यांचा पगार १५,०००. पहिले दहा दिवस तो खात्यात राहिला, मग भाडे, किराणा आणि मुलीची फी भागवून २,००० उरले. दहा दिवसांचे दीड लाख, वीस दिवसांचे चाळीस हजार; एकूण १ लाख ९० हजार भागिले तीस, म्हणजे ६,३३३ रुपये. तूट ३,६६७ ची. तिच्यावर सहा टक्क्यांनी २२० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले २६०. एका महिन्याच्या चुकीत अडीच महिन्यांचे कॅशबॅक गेले.

ज्याच्याकडे दहा हजार रुपये कायम पडून आहेत, त्याला हा सौदा परवडतो. वर्षाला बाराशे रुपये मिळतात, ते नाकारण्याचे कारण नाही. पण शिल्लक राखण्यासाठी जो हातउसने घेईल किंवा सावकाराकडे शेकडा तीनने जाईल, तो शंभर रुपयांसाठी महिन्याला तीनशे मोजेल. अट सर्वांना सारखी दिसते, पण ती पाळण्याची ऐपत सारखी नसते. विषमता आहे ती इथे.

मग हे पैसे येतात कुठून? डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून घ्यायच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेने ०.९० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून हे शुल्कच नाही. म्हणजे पाच टक्के या शुल्कातून निघूच शकत नाहीत. ते तुमच्या पडून असलेल्या शिलकेवर बँक जे कमावते त्यातून आणि अट चुकलेल्यांच्या दंडातून भरून निघतात. दंडाची ही रक्कम किरकोळ नसते. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत एकट्या स्टेट बँकेने किमान शिल्लक नसल्याबद्दल १,७७१ कोटी रुपये गोळा केले. तिच्या त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या नफ्याहून ही रक्कम मोठी होती. ओरड झाली, आणि मार्च २०२० मध्ये त्या बँकेने हा दंड रद्द केला. आवाज उठवला तर नियम बदलतात, हे यातून शिकण्यासारखे आहे.

कायद्याने आपल्याला काय दिले आहे, तेही माहीत हवे. रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या आदेशानुसार प्रत्येक बँकेला मूलभूत बचत खाते द्यावेच लागते. त्यात किमान शिलकेची अट नाही, एटीएम कार्डाला शुल्क नाही. २०१४ च्या परिपत्रकानुसार दंडापूर्वी ग्राहकाला कळवले पाहिजे, दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. जनधन खात्याच्या रूपे कार्डावर अपघात विमा आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी तो दोन लाखांचा. पण तिथेही अट आहेच: अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत कार्डाने किमान एक व्यवहार झालेला हवा. कपाटात ठेवलेल्या कार्डामुळे विधवेचा दावा फेटाळला जाऊ शकतो. शंभर रुपयांच्या अटीपेक्षा ही अट प्रत्येक घरात माहीत असणे अधिक गरजेचे आहे.

त्या गृहस्थांच्या वतीने आम्ही बँकेला लेखी तक्रार दिली आहे. दंडापूर्वी सूचना दिल्याचा पुरावा मागितला आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. तिथे फी लागत नाही. मुलीची शिष्यवृत्ती या खात्यात येणार होती. तिच्यासाठी दुसरीकडे मूलभूत खाते उघडून दिले आहे.

वस्त्यावस्त्यांतून शिकलेल्या तरुणांनी एक रविवार शेजाऱ्यांची पासबुके वाचण्यासाठी द्यावा. सही करण्यापूर्वी एजंटाला तीनच प्रश्न विचारा: शिल्लक किती ठेवायची, कमाल किती मिळणार आणि चुकलो तर किती कापणार? उत्तरे लेखी घ्या. लेखी देत नसेल, तर सही करू नका.