नाशिकची रेड वाईन अन् बुऱ्हाणपूरची केळी : हिशेब जुळतो का?

बुऱ्हाणपूर : केळीचे भाव पडले की मंडीच्या आवारात एक चर्चा ठरलेली. नाशिकवाल्यांनी द्राक्षाची वाईन केली, मग आपण केळीची का करू नये? प्रश्न रास्त आहे. फक्त नाशिकचा पूर्ण हिशेब समोर ठेवूनच त्याचं उत्तर शोधायला हवं.

आधी हवामान बघू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तर तापीकाठचं बुऱ्हाणपूर जेमतेम अडीचशे मीटरवर. हिवाळ्यात नाशिकला दिवसा ऊन अन् रात्री गारवा असतो, त्यामुळे द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. रेड वाईनमध्ये रस सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून साल चांगली पिकणं महत्त्वाचं. अर्जेंटिनाच्या मेंडोझा भागातल्या रेड वाईनचं नावही उंचीवरच्या मळ्यांमुळेच झालं. नाशिकचा शेतकरी एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून हा गारवा साधून घेतो.

दुसरा गैरसमज मोठा आहे. बाजारात न खपलेल्या द्राक्षांची वाईन होते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात चांगल्या रेड वाईनला शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों या वेगळ्या जाती लागतात. खायच्या थॉमसनचा भाव कोसळला, तर वायनरी तो माल उचलून शेतकऱ्याला वाचवत नाही. वाईनची बाग पहिल्या दिवसापासून वाईनसाठीच लावावी लागते आणि ती बहुतेक कंपनीशी करार करूनच लावली जाते.

करार झाला म्हणजे जोखीम संपली, असंही नाही. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबई हल्ला यांनी मागणी खाली आली. कित्येक वायनऱ्या अडचणीत सापडल्या, वाईनच्या बागा उपटल्या गेल्या. सुलासारख्या मोठ्या कंपन्या तगल्या, पण झळ लहान शेतकऱ्याला बसली.

आता सरकारी बाजू. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली. शेतकऱ्याचं हित हे कारण सांगितलं गेलं, विरोध झाला आणि निर्णय रखडला. त्याच महिन्यात मध्य प्रदेशनेही २०२२-२३ च्या धोरणात राज्यातल्या द्राक्षांपासून बनणाऱ्या वाईनला करसवलत जाहीर केली. याच राज्याने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वरसह अनेक धार्मिक नगरांत दारूविक्री बंद केली. थोडक्यात, धोरण दोन्ही दिशांना चालतं. अशा धंद्यात कर्ज काढून उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

बाहेरची स्पर्धाही वाढतेय. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या करारानुसार ऑस्ट्रेलियाच्या महागड्या वाईनवरचं १५० टक्के आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होतंय.

केळीची वाईन होत नाही असं नाही, होते. पण गर घट्ट असल्याने रस काढण्याचा खर्च वाढतो, अन् त्या बाटलीला ठरलेलं गिऱ्हाईक नाही. नाशिकला गिऱ्हाईक घडवायलाच वीस-पंचवीस वर्षं गेली.

मग नाशिककडून घ्यायचं काय? तर लागवडीआधी खरेदीदार, करारात किमान भाव आणि माल टिकवायची सोय. केळी काढली की थांबत नाही, म्हणून बुऱ्हाणपूरला शीतगृहं, पिकवणी केंद्रं, चिप्स अन् खोडाच्या धाग्याचे उद्योग जास्त जवळचे आहेत. वादळाने बाग आडवी झाली तर विम्याचा आधार हवा. पलीकडे रावेर, मुक्ताईनगरला फळपीक विमा आहे, इकडे ती मागणी वर्षानुवर्षं होत आली आहे. वायनरीची स्वप्नं नंतर बघता येतील, आधी हा विषय मार्गी लागला पाहिजे.