फुटेज आहे, पण दिसत नाही: एच.२६५ची किंमत नेमकी कोण भरतं?

आमच्या आचोळ्यातल्या सोसायटीच्या गेटसमोरून एका सभासदाची स्कूटर गेली. रात्री दोन-अडीचच्या सुमारास. कॅमेरा नेमका तिथेच रोखलेला, त्यामुळे सगळे निश्चिंत होते. सकाळी कॅमेरेवाल्याने डीव्हीआरमधून क्लिप पेनड्राइव्हवर काढून दिली, सेक्रेटरी काकांनी ती ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावली, आणि समोर काळा चौकोन. खाली वेळ पुढे सरकतेय, चित्र नाही. काका म्हणाले, "फाइल खराब झाली." कॅमेरेवाला म्हणाला, "माझ्याकडे चालते." बिल्डिंगमधला इंजिनिअर म्हणून मग मला वर बोलावणं आलं.

फाइल ठणठणीत होती. ती एच.२६५ मध्ये होती, एवढंच. व्हीएलसी टाकल्यावर चित्र दिसलं. स्कूटर मात्र अजून सापडलेली नाही.

पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. साध्या गेटचं चित्र एका मशीनवर दिसतं, दुसऱ्यावर दिसत नाही, असं का? याचं अर्धं उत्तर तांत्रिक आहे. उरलेलं अर्धं कायद्याचं आणि पैशांचं आहे, आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही.

आधी तांत्रिक भाग. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येकाला तीन बाइट धरा. सेकंदाला १५ चित्रं, म्हणजे सेकंदाला सुमारे ९३ एमबी. कच्चं रेकॉर्डिंग केलं तर एका कॅमेऱ्याने एक टीबीची डिस्क तीन तासांत भरली असती. आमच्याकडे आठ कॅमेरे आहेत आणि त्याच एक टीबीत दहा-बारा दिवसांचं फुटेज बसतं. ही किमया कोडेकची.

गेटचा कॅमेरा तर कोडेकसाठी लाडकं गिऱ्हाईक. रात्रभर भिंत तीच, दिवा तोच, वॉचमनची खुर्ची तीच. कोडेक म्हणतो, "मागच्या चित्रातलंच घ्या, फक्त हा तुकडा चार ठिपके डावीकडे सरकवा." बदललं तेवढंच लिहायचं. २००३ मध्ये आलेलं एच.२६४ चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. २०१३ मध्ये आलेलं एच.२६५, ज्याला एचईव्हीसीही म्हणतात, ६४ गुणिले ६४ पर्यंतचे चौकोन घेतं आणि गरज पडेल तिथे ते बारीक चिरतं. शेजारच्या ठिपक्यांवरून आतलं चित्र ओळखायचे मार्गही ९ वरून ३५ वर गेले. तेवढ्याच दर्जाला जागा साधारण निम्मी लागते. म्हणून कॅमेरेवाले एच.२६५ वर खूश असतात: डिस्क लहान, बिल लहान.

आता पैशांचा भाग. एच.२६५ हे मानक आहे. ते कुणीही वाचू शकतं, त्यावरून कोड लिहू शकतं. पण त्यातल्या युक्त्यांवर अनेक कंपन्यांची हजारो पेटंट आहेत. मालकांनी एकत्र येऊन वसुलीची 'पूल' नावाची व्यवस्था केली. एच.२६४ला एक मोठा पूल होता, हिशोब सरळ होता. एच.२६५ला एकाच वेळी तीन पूल उभे राहिले, शिवाय काही मालक कुठल्याच पूलमध्ये नाहीत. एका घराला तीन सोसायट्यांनी मेंटेनन्सचं बिल पाठवावं, आणि वर शेजाऱ्याने वेगळं बिल लावावं, तसला प्रकार. क्रोममध्ये एचईव्हीसी आलं २०२२ मध्ये, म्हणजे मानक येऊन नऊ वर्षांनी, आणि तेही मशीनच्या हार्डवेअरमध्ये सोय असेल तरच.

आणि हार्डवेअरमध्ये सोय असूनही? २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बातमी आली की एचपी आणि डेल यांनी आपल्या काही बिझनेस लॅपटॉपमध्ये एचईव्हीसीची हार्डवेअर डीकोडिंगची सोय बंद ठेवली आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही सोय २०१५ पासून असते. म्हणजे चिप तुमच्या मांडीवर, तिच्यात डीकोडरचं सर्किट कोरलेलं, आणि त्याला कुलूप. कारण पूलची फी चिप बनवणाऱ्याकडून नाही, तर तयार यंत्र विकणाऱ्याकडून घेतली जाते. सर्किट असणं वेगळं, ते वापरायची परवानगी वेगळी. एचपीचं म्हणणं असं की ग्राहकाने परवाना असलेलं दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये एचईव्हीसीचं एक्स्टेंशन अमेरिकेत ९९ सेंटला मिळतं. रक्कम किरकोळ आहे. मला खटकतं ते हे की कुलूप आहे हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ग्राहकाला दिसतो फक्त तापलेला लॅपटॉप किंवा काळा चौकोन, आणि तो म्हणतो फाइल खराब झाली.

इथे कुणी म्हणेल, भारतात तर सॉफ्टवेअरचं पेटंट मिळतच नाही ना? कॉलेजमध्ये आम्हालाही असंच शिकवलं होतं. ते अर्धवट खरं आहे. पेटंट कायदा १९७० चा. २००२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३(के) आलं. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि 'कॉम्प्युटर प्रोग्राम पर से' यांना पेटंट नाही. सगळी गंमत त्या 'पर से' मध्ये, म्हणजे 'निव्वळ प्रोग्राम म्हणून' मध्ये. २००४ च्या डिसेंबरमध्ये सरकारने वटहुकूम काढून हे दार मोठं करायचा प्रयत्न केला होता: उद्योगात तांत्रिक वापर असेल किंवा हार्डवेअरशी जोड असेल तर पेटंट मिळावं. २००५ च्या कायद्यात संसदेने ते शब्द ठेवले नाहीत. म्हणजे दार मोठं झालं नाही, पण 'पर से'ची फट तशीच राहिली.

पुढची वीस वर्षं त्या फटीची रुंदी मोजण्यात गेली. २०१६ च्या फेब्रुवारीत पेटंट कार्यालयाने सांगितलं, सोबत नवीन हार्डवेअर असेल तरच विचार करू. २०१७ च्या जूनमध्ये ती अट काढली. २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की शोधात तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल, तर तो प्रोग्रामवर आधारलेला आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही. आणि २०२५ च्या जुलैमध्ये कार्यालयाने नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही जोर तांत्रिक परिणामावरच. ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. पण अर्ज तपासणारा अधिकारी त्यांच्याच चष्म्यातून बघणार. (या सगळ्याचे प्रमुख, पेटंट महानियंत्रक, आपल्या मुंबईतच बसतात, अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात. जाता-येता ती पाटी पाहून आत काय चालतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.)

व्हिडिओ, आवाज, ग्राफिक्स यांचे शोध या कसोटीत अलगद बसतात. "माझ्या पद्धतीने कमी बिट्समध्ये चित्र जातं" यात तांत्रिक परिणाम दाखवणं अवघड नाही. निकालही तसेच आहेत.

१२ जुलै २०१८ चा फिलिप्सचा निकाल घ्या. बाब डीव्हीडी प्लेयरची: डिस्कवर सांकेतिक रूपात लिहिलेली माहिती परत मूळ बिट्समध्ये आणणाऱ्या डीकोडिंग यंत्रणेचं पेटंट. समोर मोठी कंपनी नव्हती. सुटे भाग आणून प्लेयर जुळवणारे छोटे उत्पादक होते. त्यांचा बचाव साधा: भाग परवाना असलेल्यांकडून घेतलेत, मग फी परत कशाला? पण तसं ते सिद्ध करू शकले नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने दर प्लेयरमागे आधी ३.१७५ डॉलर, आणि २८ मे २०१० पासून पेटंट संपेपर्यंत, म्हणजे १२ फेब्रुवारी २०१५ पर्यंत, १.९० डॉलर रॉयल्टी ठरवली. त्या काळी आमच्या घरात आलेला बिननावाचा प्लेयर बाराशे रुपयांचा होता. तेव्हाच्या भावाने तीन डॉलर म्हणजे सुमारे दीडशे रुपये. जुळवणाऱ्याला एका नगामागे तेवढं सुटत तरी असेल का, देव जाणे. वसईच्या औद्योगिक गाळ्यांमधून फिरलेल्या कुणालाही हे गणित सांगायला नको.

दुसरा निकाल २८ मार्च २०२४ चा, एरिक्सन आणि लाव्हा यांचा. नुकसानभरपाई ₹२४४ कोटींची. त्यातली काही पेटंट मोबाइलवरचं बोलणं कमी बिट्समध्ये बसवणाऱ्या एएमआर कोडेकची होती. हा तर अल्गोरिदम, ३(के) मध्ये अडकायला हवा, हा आक्षेप कोर्टाने मानला नाही. एक पेटंट मात्र रद्द ठरलं, म्हणजे कोर्ट डोळे मिटून शिक्के मारत नाही हेही खरं.

ग्राफिक्समध्ये तर कुंपण आलं की इंजिनिअर वळसा घालतात. 'डूम ३' या गेममधल्या सावल्यांची गोष्ट बघा. ठिपका सावलीत आहे का, हे ठरवायला सावलीच्या कडा मोजतात. डोळ्यापासून ठिपक्यापर्यंतच्या कडा मोजल्या तर कॅमेरा स्वतःच सावलीत शिरल्यावर मोजणी चुकते. जॉन कार्मॅकने ठिपक्याच्या मागच्या कडा मोजल्या, प्रश्न मिटला. पण त्याच युक्तीचं पेटंट क्रिएटिव्ह लॅब्सकडे होतं, १९९९ च्या अर्जाचं. २००४ मध्ये तडजोड झाली: गेममध्ये क्रिएटिव्हच्या ध्वनितंत्राला जागा. २०११ मध्ये कोड खुला करायची वेळ आली तेव्हा कार्मॅकला तो भाग बदलावा लागला. चार ओळी वाढवल्या, दोन बदलल्या.

सीटी स्कॅनच्या कापांमधून त्रिमितीय आकार उभा करणाऱ्या 'मार्चिंग क्यूब्स'चंही तेच. लॉरेन्सन आणि क्लाइन या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी १९८७ मध्ये ते मांडलं, पेटंट २००५ मध्ये संपलं. तोवर व्हीटीके या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हा कोड 'पेटंटेड' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये होता. आणि व्हीटीके सुरू करणाऱ्या तिघांत खुद्द लॉरेन्सनही होता!

मी पेटंटच्या सरसकट विरोधात नाही. एच.२६५ मागे खरं संशोधन आहे, ते फुकट झालेलं नाही. अडचण मला दुसरीकडे दिसते. पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षं. एमपी३ आज मोकळं आहे, २०१७ मध्ये त्याची परवाना-योजनाच बंद झाली. एच.२६४ची सुरुवातीची पेटंट संपली किंवा संपत आली. पण ज्या दशकात तंत्र उपयोगाचं असतं, त्याच दशकात छोट्या माणसाला हिशोब लागत नाही. मोठी कंपनी वकील ठेवते किंवा सर्किटला कुलूप घालते. छोट्याने काय करायचं?

हे मी तटस्थपणे विचारत नाहीये. स्कूटरच्या प्रकरणानंतर मी एक छोटं टूल लिहिलं: डीव्हीआरची क्लिप टाका, वेळ निवडा, कुठेही चालेल अशी फाइल घ्या. आत एफएफएमपेग. कॅमेरेवाल्याला ते इतकं आवडलं की म्हणाला, आचोळे रोडवरच्या चार-पाच दुकानांना विकू, पाचशे रुपये घे. मला वाटलं एफएफएमपेग मोफत आहे, मग प्रश्न काय? प्रश्न असा की एफएफएमपेगचा परवाना कॉपीराइटचा आहे. तो कोड वापरायची मुभा देतो; त्या कोडमध्ये उतरलेल्या दुसऱ्या कुणाच्या शोधाची मुभा देऊ शकत नाही. आणि पेटंटधारकाचा हक्क बनवणं, वापरणं, विकणं या सगळ्यांवर असतो. पाच दुकानांसाठी कुणी नोटीस पाठवणार नाही, हे मलाही कळतं. पण पाचाची पाचशे झाली तर?

एव्ही१ हा पर्याय सांगितला जातो. गूगल, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मिळून २०१८ मध्ये तो विनाशुल्क म्हणून आणला. त्यावरही सिसवेल या कंपनीने पूल उभा केलाय, ते सोडा. आमच्या डीव्हीआरमध्ये एव्ही१चा पर्यायच नाही.

म्हणून टूलमधून मी डीकोडरच काढून टाकला. आता ते क्लिप फक्त कापतं, उघडत नाही. चित्र दाखवायचं काम ज्या त्या मशीनचं. कॅमेरेवाला नाराज आहे, कारण त्याचं गिऱ्हाईक पुन्हा काळ्या चौकोनाशी येतं. सोसायटीत मी आठही कॅमेरे एच.२६४ वर करून घेतले. क्लिप आता काकांच्या कॉम्प्युटरवर लगेच उघडते, पण डिस्क पाच-सहा दिवसांतच भरते. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत दोन टीबीच्या डिस्कचा खर्च मंजुरीसाठी ठेवलाय.