पोटात घालणारे हत्यार, पदरात घालणारे हत्यार

हत्यारे दोन जातींची असतात. एक जात वापरणाऱ्याची चूक पोटात घालते, दुसरी ती त्याच्या पदरात घालते. बेताचे कसब असलेल्या माणसाने यांपैकी कोणते हाती धरावे, हा प्रश्न वरकरणी क्रीडासाहित्याच्या दुकानातला आहे. मला मात्र तो साहित्याच्या वर्गातलाही वाटतो. म्हणून या ठिकाणी मांडण्याचे धाडस करीत आहे.

हा प्रश्न सर्वांत स्वच्छ रूपात गोल्फमध्ये दिसतो, म्हणून सुरुवात तेथून. नांदेड-लातूरकडच्या वाचकाला गोल्फ बहुधा दूरचित्रवाणीवरच भेटतो. महाराष्ट्रातली त्याची जुनी मैदाने मुंबईत चेंबूरला आणि पुण्यात येरवड्याला आहेत. या खेळात मैदानावरून चेंडू उचलून मारण्यासाठी जे धातूच्या तोंडाचे दांडे वापरतात त्यांना ‘आयर्न’ म्हणतात. जुन्या घडणीचे आयर्न म्हणजे ‘ब्लेड’. पोलाद ठोकून घडवलेले, नावाप्रमाणेच पात्यासारखे पातळ, आटोपशीर. वजन मध्याच्या आसपास एकवटलेले. चेंडू नेमका त्या मध्यावर बसला तर हातांना काही लागल्याचे जाणवतही नाही. अर्धे बोट हुकला तर पाते मुठीत पिळवटते, चेंडू अलीकडेच कोठेतरी वाकडा पडतो आणि बोटांना झिणझिण्या येतात.

नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता असलेला कार्स्टन सोल्हाइम हा या घडणीला पर्याय देणाऱ्यांतला प्रमुख. १९५९ साली त्याने ‘पिंग’ नावाने स्वतःचा पटर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलण्याचा दांडा, तयार केला आणि पुढच्या दशकात तेच तत्त्व आयर्नला लावले. तत्त्व साधे आहे. दांड्याच्या तोंडाची पाठ पोखरायची आणि तिथले वजन कडांकडे न्यायचे. वजन मध्यापासून जितके दूर, तितकी ती वस्तू फिरायला नाखूश. त्यामुळे चेंडू मध्य सोडून बसला तरी तोंड फारसे वळत नाही आणि फटका निम्मा-अधिक वाचतो. पाठीला पोकळी असलेल्या या हत्याराने चूक अक्षरशः पोटात घातली.

तेव्हापासून गोल्फच्या जगात वाद आहे. एक पक्ष म्हणतो, जेथे बहात्तर फटके अपेक्षित असतात तेथे नव्वद-शंभर घेणाऱ्या हौशी माणसाने ब्लेड वापरणे हा निव्वळ तोरा आहे. मध्य त्याला क्वचितच सापडतो. मग मध्यालाच बक्षीस देणारे हत्यार त्याने का घ्यावे? दुसरा पक्ष म्हणतो, पोकळ पाठीचे हत्यार माणसाला आळशी करते. फटका बिघडला हे हातांना कळलेच नाही तर सुधारणार काय? ब्लेड कठोर आहे, पण खोटे बोलत नाही.

दोन्ही पक्षांना अर्धे-अर्धे बरोबर म्हणून हात झटकणे सोपे आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. दोन्ही पक्ष बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या जागी. दुसरा पक्ष सरावाच्या मैदानावर बरोबर आहे, पहिला सामन्यात. घोळ होतो तो सरावाचे हत्यार सामन्यात मिरवल्यामुळे. हे पटवण्यासाठी आता आपल्या ओळखीच्या खेळाकडे येतो.

पोकळ पाठीची ही कल्पना गोल्फमधून क्रिकेटमध्येही आली. ग्रे-निकल्स या इंग्लिश कंपनीने १९७४ साली ‘स्कूप’ नावाची बॅट बाजारात आणली. पाठीचे लाकूड मधोमध कोरून काढलेले, वजन कडांकडे ठेवलेले. बॅटची पाठ कणा काढून भरदार ठेवायची, ही तोवरची रीत. तिच्यापुढे हे रूप विचित्रच दिसत असणार. पण ब्रायन लाराने १९९४ साली एप्रिलमध्ये अँटिग्वाला इंग्लंडविरुद्ध ३७५ आणि जूनमध्ये एजबॅस्टनला डरहॅमविरुद्ध नाबाद ५०१ धावा केल्या, तेव्हा त्याच्या हाती याच घराण्यातली कोरलेल्या पाठीची बॅट होती. त्या काळातल्या सर्वांत देखण्या मनगटाला चूक पोटात घालणाऱ्या घडणीची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

आता उलट उदाहरण. सचिन तेंडुलकरची बॅट असाधारण जड होती, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. क्रिकेटच्या नियमांत बॅटची रुंदी बांधलेली आहे, ऑक्टोबर २०१७ पासून कडांची जाडी ४० मिलिमीटर आणि एकूण जाडी ६७ मिलिमीटर एवढीच मर्यादित झाली आहे. पण वजनाला मर्यादा नाही. ते प्रत्येकाच्या मनगटावर सोडलेले आहे. २००४ साली तेंडुलकरला टेनिस एल्बोचे दुखणे जडले, २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली. हलकी बॅट घेण्याचा सल्ला त्याला मिळत असे. त्याने ती वापरून पाहिली, पण जमले नाही. त्याच्या बॅटीचा सगळा झोत त्या वजनावरच बेतलेला होता. म्हणजे ती बॅट त्याच्या कसबाचे कारण नव्हती. कसब आणि वजन लहानपणापासून एकमेकांबरोबर वाढले होते.

आपली मुले नेमका हाच क्रम उलटा वाचतात. नांदेड-लातूरच्या मैदानांवर वाढणारा मुलगा बहुतेक वेळा टेनिस बॉलवर खेळतो. त्या चेंडूला हलकी, झटकन फिरणारी बॅट लागते. पुढे सिझन बॉलवर जायची वेळ आली की घरातले लोक काटकसर करून एक चांगली बॅट घेतात, आणि मुलगा मागतो ती आवडत्या खेळाडूच्या नावाची, भरदार आणि जड. मग व्हायचे ते होते. खालचा हात जोर करू लागतो, पुढचे कोपर खाली येते, बॅट चेंडूवर उशिरा पोहोचते आणि सरळ फटक्याच्या जागी आडवा झोका येतो. बॅट बदलली पाहिजे असे कोणी म्हणत नाही; मुलालाच खेळ येत नाही असे म्हणतात. घरच्यांनी मोठी रक्कम घातलेली असते, त्यामुळे मुलालाही तसे म्हणता येत नाही. बीडच्या सचिन धसने फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या. वडिलांनी त्याचे नाव तेंडुलकरवरून ठेवले, हे सर्वश्रुत आहे. नाव असे हौसेने देता येते. बॅटीचे वजन मात्र ज्याचे त्याने आपल्या मनगटाला विचारूनच ठरवावे लागते.

मग ब्लेडवाल्यांच्या म्हणण्यात काहीच उरत नाही का? उरते, आणि महत्त्वाचे उरते. डॉन ब्रॅडमन लहानपणी घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू मारी आणि उसळून परत येणारा तो चेंडू क्रिकेटच्या यष्टीने तटवी. यष्टीपेक्षा निर्दय बॅट कोणती असणार? तिला मध्यही नाही आणि कडाही नाहीत. पण ब्रॅडमन यष्टी घेऊन कसोटी खेळायला गेला नाही. कठोर हत्याराने डोळा आणि हात घडवले, आणि सामन्यात नियमाने दिलेली पूर्ण रुंदीची बॅट वापरली. सगळा विवेक या दोन कृतींच्या मधल्या अंतरात आहे.

आता आपल्या वर्गात येऊ. मराठी कवितेच्या हत्यारांतही हे दोन वर्ग आहेत. ओवी ही चूक पोटात घालणारी. तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण एवढे सांभाळले की अक्षरसंख्येत बरीच मोकळीक. अभंगाचे बंधन थोडे अधिक. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे, पण लघुगुरूंचा जाच नाही. याउलट पृथ्वी वृत्त घ्या. प्रत्येक चरणात सतरा अक्षरे आणि त्या सतरांपैकी प्रत्येकाचे लघुत्व-गुरुत्व ठरलेले. एक मात्रा हुकली की चरण मुठीत पिळवटतो. मोरोपंतांनी ‘केकावली’ पृथ्वीत रचली. ते त्यांना शोभले. पण १२९० मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरचे भाष्य रचायला घेतले, तेव्हा त्यांनी दळणकांडण करणाऱ्या बायकांच्या ओठांवरची ओवीच निवडली. संस्कृत वृत्तांचे दडपण त्यांना नव्हते असे कोण म्हणेल? गंगाखेडच्या जनाबाईंनी, नरसीच्या नामदेवांनी अभंग हाती धरला. ही सगळी माणसे आपल्याच भूमीतली, आणि त्यांच्यातल्या श्रेष्ठांनी हत्यार निवडताना स्वतःच्या श्रेष्ठत्वाचे प्रदर्शन केले नाही. काय सांगायचे आहे आणि कोणाला सांगायचे आहे, एवढेच पाहिले. लाराच्या कोरलेल्या बॅटीशी मला ओवी जोडावीशी वाटते ती यासाठी.

आजचे चित्र पाहा. महाविद्यालयीन काव्यवाचनात गझलेची चलती आहे. गझल हे कवितेतले ब्लेड. पहिल्या शेरापासून शेवटपर्यंत एकच वृत्त, काफिया चुकवायचा नाही, रदीफ ओढूनताणून आणायचा नाही, आणि एवढे करून प्रत्येक शेर स्वतंत्रपणे उभा राहिला पाहिजे. माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ लिहून आणि सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ सांगून या हत्याराची ओळख करून दिली. बाराखडी हा शब्द विसरू नये. बाराखडी गिरवायची असते. आमचा विद्यार्थी गिरवण्याची पायरी वगळून थेट मंचावर चढतो. मात्रा हुकतात, त्या चालीत आणि टाळ्यांत बुडतात. त्यामुळे हत्यार चूक पदरात घालत असूनही पदर पसरलेला नसतो.

याचा अर्थ सर्वांनी मुक्तछंदात लिहावे असा नाही. मुक्तछंदाचा धोका पोकळ पाठीच्या आयर्नसारखाच आहे. तेथे चूक झाल्याचे हाताला कळत नाही. ओळ का मोडली, शब्द का ठेवला, याचा जाब विचारणारे बाहेरचे कोणी नसते. म्हणून मी म्हणेन, वहीत वृत्त गिरवावे. पृथ्वी, शार्दूलविक्रीडित, गझलेची दोन-चार वृत्ते. रोज दोन ओळी, कोणाला न दाखवण्यासाठी. कान त्यातून तयार होतो. आणि छापायला पाठवताना मात्र आपल्या आशयाला जे रूप झेपते तेच निवडावे. तयार झालेला कान मुक्तछंदातही जाब विचारू लागतो.

समीक्षेचेही तसेच. पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या मुलाच्या हाती आम्ही पहिल्याच सत्रात विरचना आणि चिन्हमीमांसा ठेवतो. कविता दोनदा शांतपणे वाचण्याआधी तो तिचे ‘केंद्र’ विस्कटायला बसतो. ही अवजारे वाईट नाहीत. ज्यांनी ती घडवली त्यांच्या हाती ती नेमकी चालली. पण साधे वाक्य नीट लिहिता न येणाऱ्याच्या प्रबंधात ती केवळ जड होतात. सरावचाचण्यांवर उभा राहिलेल्या ‘लातूर पॅटर्न’वर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. तरी त्याने एक गोष्ट ओळखली होती: घाम सरावात गाळायचा आणि परीक्षेत जे हमखास येते ते आधी लिहायचे. साहित्याच्या शिक्षकांनी एवढे तरी त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही.

एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. शंभरांतला एक फटका ब्लेडच्या मध्यावर बसतो, आणि त्या एका फटक्याच्या सुखासाठीच हौशी माणूस मैदानावर जातो. ते सुख हिरावून घेणारे आपण कोण? मान्य. जो एकटा खेळतो, स्वतःच्या आनंदासाठी खेळतो, त्याने खुशाल ब्लेड वापरावे. चुकीची किंमत तोच मोजणार आहे. वहीतली गझलही अशीच. तिला कोणी हात लावू नये. पण जेथे दुसरे कोणी वाट पाहत असते तेथे हिशेब बदलतो. संघ असतो, बॅटीचे पैसे भरणारे घर असते, निबंध तपासणारा आणि कविता ऐकणारा असतो. तेथे आपल्या हौसेच्या हत्याराची किंमत हे लोक मोजतात. मोठ्यांचे हत्यार उचलण्याआधी, चुकले तर भोगणार कोण, एवढे विचारावे. उत्तर ‘मी एकटा’ असे आले तर जरूर उचलावे. दुसऱ्या कोणाचे नाव आले तर निमूटपणे पोकळ पाठीचे घ्यावे. त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरी त्याच जातीच्या हत्याराने लिहिली गेली आहे.